मागचं काढू का?

रोकडे मास्तर जन्मभर लोकांचं मागचं काढत आले आणि तरीही त्यांचं कुणाशी भांडण झालं नाही. असा दुसरा माणूस मी नाशिकात पाहिलेला नाही.

गैरसमज व्हायच्या आत सांगते. मास्तर आमच्या फोटो स्टुडिओत रिटचिंगचं काम करायचे. लोक घरी-दारी काढलेले फोटो घेऊन यायचे. फोटोत पोरगी छान हसत असायची आणि तिच्या मागे दोरीवर वडिलांचा लेंगा वाळत असायचा. नाहीतर गॅसचं सिलिंडर, नाहीतर कुणाचं तरी अर्धं कुत्रं. मास्तर चष्मा कपाळावरून नाकावर आणायचे, फोटो उजेडाकडे धरायचे आणि विचारायचे, "मागचं काढू का?" मग ब्रश, रंग आणि ब्लेडचं पातं घेऊन ते लेंगा, सिलिंडर, कुत्रं असं सगळं नाहीसं करायचे. पोरगी तेवढी उरायची.

एकदा देवळ्याकडचं एक जोडपं आलं होतं. हा किस्सा माझ्या आधीचा, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा, पण आमच्या मालकांनी, विलासशेठनी, तो मला इतक्या वेळा सांगितला की मी तिथे होते असंच वाटतं. नवराबायकोचं वर्षभर फाटलेलं होतं, बाई माहेरी जाऊन बसली होती. चार माणसांनी बसून मिटवलं आणि दोघं थेट फोटो काढायला नाशिकला आली. जुना लग्नातला एक फोटोही मोठा करायला आणला होता. मास्तरांनी तो पाहिला आणि नेहमीसारखं विचारलं, "मागचं काढू का?"

बाई अशी दचकली की पदर सावरायचं विसरली. "नका हो भाऊ! मागलं काढू नका! आत्तेच ते मिटनं शे!"

हे सांगताना शेठ टाळ्या द्यायचे. मास्तर मात्र गंभीर. "ती बरोबर होती," म्हणायचे. "नवराबायकोत मागचं काढायचं नसतं. फोटोत काढायचं असतं. लोक उलटं करत्यात."

स्टुडिओ अशोक स्तंभापासून नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याला होता. आत एक मोठा पडदा होता, मांजरपाटावर रंगवलेला. वर निळं आभाळ, खाली तळं, तळ्यात कमळं, उजवीकडे कुठेच न पोचणारा एक जिना आणि डावीकडे एक पांढरा पक्षी. मास्तरांनी तरुणपणी स्वतः रंगवलेला. पक्ष्यावरून स्टुडिओत कायमचा वाद होता. मास्तर म्हणायचे राजहंस आहे. बाकी अख्खा नाशिक जिल्हा म्हणायचा बदक आहे. मान जरा आखूड झाली होती, हे मास्तरांनाही माहीत असावं, पण कबूल करायला ते तयार नव्हते. "लांबून बघा," म्हणायचे. लांबून तर ते आणखीच बदक दिसायचं.

साखरपुडे, बारशी, दहावीचे निरोपसमारंभ, जिल्ह्यातली निम्मी माणसं त्या पडद्यापुढे उभी राहून गेली. माझ्या आईवडिलांचा लग्नानंतरचा पहिला फोटोही तिथलाच. बाबांच्या खांद्यावर तो पक्षी बसल्यासारखा दिसतो.

आता माशांकडे येते, कारण मास्तरांचा खरा जीव तिथे होता.

स्टुडिओच्या बाहेरच्या खोलीत, गिऱ्हाइकं बसायची तिथे, मास्तरांनी एक काचेची टाकी ठेवली होती. त्यात एक फायटर मासा होता, त्याचं नाव पैलवान. दोन एंजल होते, त्या नवऱ्या. आणि एक जाडजूड नारंगी गोल्डफिश होता, तो दिवसभर काचेला तोंड लावून उघडमीट करायचा. त्याचं नाव शेठ. खऱ्या शेठना हे बरीच वर्षं कळलं नव्हतं. एक दिवस त्यांनी मास्तरांना काउंटरमागून म्हणताना ऐकलं, "शेठला आज जास्ती घालू नका, पोट सुटलंय त्याचं." त्या दिवशी शेठ दुपारी जेवले नाहीत म्हणतात.

मास्तर या माशांचे फोटो काढायचे. नुसते फोटो नाही, पोर्ट्रेट. फिल्मचा जमाना होता, एकेक फ्रेम जपून वापरायची. टाकीचा मासा साध्या डोळ्यांना सुंदर दिसतो, फोटोत मात्र मागची नळी दिसते, फिल्टर दिसतो, भिंतीवरचं मीटर दिसतं, काचेत फोटो काढणाऱ्याचं पोट दिसतं. मासा राहतो बाजूलाच. मास्तरांनी यावर आपले उपाय शोधले होते. टाकीत एक सुटी काच उभी सोडायची, म्हणजे मासा पुढच्या दोन बोटांच्या जागेत राहतो. उजेड वरून द्यायचा. मागे काळी मखमल लावायची, आणि मखमल घरात कुठली, तर रोकडेकाकूंच्या ब्लाउजपीसची. आणि मग थांबायचं.

थांबणं हा त्यांचा मोठा गुण. स्टुलावर बसून, कॅमेऱ्याला डोळा लावून ते अर्धा अर्धा तास हलायचे नाहीत. मी एकदा विचारलं, कंटाळा नाही का येत?

"माणूस हलू नये म्हणून आपण ओरडतो," मास्तर पुटपुटले. "मासा हलू नये म्हणून आपण गप बसायचं. आता तू पण गप बस."

फोटो धुऊन आला की पुढचं काम. मखमलीवर राहिलेले बुडबुडे, माशाची विष्ठा, काचेवरचा ओरखडा, सगळं सगळ्यात बारीक ब्रशनं एकेक ठिपका देत बुजवायचं. ब्रशचं टोक जुळावं म्हणून ते दर दोन मिनिटांनी तो ओठांत धरून ओढायचे. तीस वर्षांच्या त्या सवयीनं त्यांच्या खालच्या ओठावर कायम एक करडा ठिपका असायचा. काकू म्हणायच्या, "लोकांचे नवरे पान खातात, आमचे रंग खातात."

मी स्टुडिओत लागले ती कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून. नवं शतक नुकतंच लागलं होतं. शेठनी कॉम्प्युटर, स्कॅनर आणि एक एसीची खोली केली. खोलीत चप्पल काढून जायचं, असा नियम होता. मास्तर दारात यायचे, चपलांकडे बघायचे आणि परत जायचे. पहिला आठवडा त्यांनी मला 'मॅडम' म्हटलं, आणि ते मॅडम इतक्या आदरानं म्हणायचे की मला रडू यायचं.

कारण मला सगळं दिसत होतं. लोकांचं मागचं आता मी काढत होते. मास्तरांना ज्याला दुपार लागायची ते माझं दहा मिनिटांत व्हायचं. मास्तरांच्या टेबलावर काम येईना. ते दिवसभर टाकी पुसायचे. नवऱ्यांना इतकं स्वच्छ पाणी कधी मिळालं नसेल.

आठव्या दिवशी मास्तर चप्पल काढून आत आले. हातात पैलवानाचा फोटो होता, निळा-लाल, सगळे पर फुलवलेला. मागे चुकून टाकीची नळी आली होती.

"मॅडम, याचं मागचं निघंल का तुमच्या मशीनवर?"

मी फोटो स्कॅन केला. फोटोशॉपमध्ये जादूच्या कांडीचं चित्र असलेलं एक साधन असतं. मागच्या रंगावर टिचकी मारली की तो सगळा रंग निवडला जातो, मग एक बटण दाबलं की साफ. मला दाखवायची हौस होतीच. टिचकी मारली, बटण दाबलं. मागचं गेलं.

मास्तर ओरडले, "अगं, शेपूट खाल्लंस तू त्याचं!"

खरंच. पैलवानाचे पर कडेला इतके पातळ असतात की त्यांतून मागचं दिसतं. मशीनला वाटलं तेही मागचंच आहे. शेपटी गेली, पर गेले, मध्ये एक बोटभर तांबडा तुकडा राहिला. मिरचीचं लोणचं म्हणून खपला असता.

मला वाटलं मास्तरांना आनंद होईल, मशीन हरलं म्हणून. पण नाही. ते पुढे वाकले, कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लागेपर्यंत, आणि म्हणाले, "परत आण. मोठं करता येतं का? आणखी मोठं? आयला!" पैलवानाच्या शेपटीची एक शीर पडद्यावर हाताएवढी दिसत होती. मास्तरांचा श्वास मला ऐकू येत होता. "तीस वर्षं मी हे भिंगातून बघतो. तू ढालीएवढं केलंस! हे बघ, ही कड हाय. इथं मासा संपतो आन पाणी सुरू होतं. हितून चल. हळू. हळू गं, मेंढरं हाकतेस का?"

त्या दिवसापासून ते मला वैशाली म्हणू लागले.

मग आमची जोडी जमली. ते खुर्चीच्या मागे उभे राहून कड दाखवायचे, मी हात चालवायची. मला वाटायचं मला कॉम्प्युटर येतो. मास्तरांनी मला बघायला शिकवलं, ते मात्र मला येत नव्हतं. केस आणि पर, म्हणायचे, कापायचे नसतात, सोडवायचे असतात. काटेरी कुंपणात अडकलेला पदर आपण कसा सोडवतो, तसे.

पुढे त्यांनी स्वतः माऊस हातात घेतला. पहिल्या दिवशी साबणाची वडी धरावी तसा धरला, तो दोनदा निसटून टेबलाखाली गेला. तिसऱ्या दिवशी मात्र एंजलच्या मिशीएवढ्या पराची कड ते इतक्या तंद्रीत काढत होते की मी बघत राहिले. काढता काढता ते थांबले, त्यांनी माऊस उचलला आणि ओठांशी नेला. टोक जुळवायला!

मी इतकी हसले की शेठ धावत आले. मास्तर आधी लाजले, मग स्वतःही हसू लागले. "चव नाय याला," म्हणाले.

पण शेठ हसले नाहीत. त्यांच्या डोक्यात हिशेब वेगळा होता. एका खुर्चीला दोन माणसं त्यांना परवडणारी नव्हती, हे ते माझ्यापाशी बोलून गेले होते. माणूस वाईट नव्हता, पण धंदा बदलत होता आणि तो घाबरला होता. त्यातच शहरातल्या हौसेनं मासे पाळणाऱ्यांच्या मंडळानं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि दाराशी लावायच्या मोठ्या पोस्टरचं काम आमच्याकडे आलं. मंडळाची एक अट होती. बँकॉकचे, सिंगापूरचे मासे सगळेच दाखवतात. पोस्टरवर आपल्या पाण्यातला मासा हवा.

शेठ मास्तरांना माझ्यासमोर म्हणाले, "मास्तर, पोस्टर तुमच्याकडे. जमलं, तर तुमची खुर्ची या एसीत. नाही जमलं, तर शाल-नारळ देऊन सन्मानानं निरोप देतो."

"शाल ठेवा," मास्तर म्हणाले. "नुसता नारळच म्हणा की."

तीन आठवडे हातात होते.

गंगापूर धरणावर जाळं टाकणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून मास्तरांनी मासा आणला. सातपूरहून बसनं धरणाकडे गेले आणि पाण्याच्या पिशवीसकट बसनंच परत आले. कंडक्टरनं पिशवी उजेडात धरून विचारलं म्हणे, "रिकामी पिशवी कशाला सांभाळताय?"

कंडक्टरची चूक नव्हती. तो काचमासा होता. दोन बोटं लांब आणि आरपार. त्याच्यातून पलीकडचं दिसतं. नीट पाहिलं तर एक काळा डोळा, पोटाची चंदेरी पुरचुंडी आणि सुईनं ओढल्यासारखा मधला काटा.

"मास्तर, दुसरा काही मिळाला नाही का?" मी कपाळाला हात लावला. "याचं मागचं कसं काढायचं?"

मास्तरांचे डोळे चमकत होते. "तीच तर गंमत हाय!"

गंमत दोन आठवडे चालली. मखमल लावली, तर फोटोत फक्त डोळा आणि काटा. जेवण झाल्यावर ताटात उरतं तेवढंच. पांढरा कागद लावला, तर तेही गेलं. लाल लावला, तर मासा सोलल्यासारखा दिसायला लागला आणि काकूंनी तो फोटो घरात ठेवू दिला नाही. मग कॉम्प्युटरवर प्रयत्न सुरू झाले. मी मखमलीवरचा मासा अगदी मास्तरांच्या हुकमानं, शीर न् शीर सोडवून कापला आणि समुद्राच्या एका सुंदर चित्रावर नेऊन ठेवला. निळाशार समुद्र, आणि मासा त्यात काळा! त्याच्या पोटातून जुनी मखमलच दिसत होती.

मास्तर स्टुलावर बसले. प्रथमच त्यांचा चेहरा उतरलेला पाहिला. "कुठंही न्या," ते म्हणाले, "हा आपलं मागचं पोटात घेऊनच फिरतो. आख्खी जिंदगी मी मागचं काढलं, वैशाली. आन शेवटाला गाठ पडली ती अशाशी, की याचं मागचं काढलं तर हाच जातो."

बाहेर शेठ कुणाला तरी सांगत होते, की आतली अडगळ काढून तो भाग नव्यानं करायचाय, जुना पडदा वगैरे कुणाला हवा असेल तर न्या. आता लोकांना मागे कॉम्प्युटरवरचं स्वित्झर्लंड हवं होतं. पडदा त्या दिवशी गुंडाळून मागच्या दाराशी उभा केला होता.

मास्तरांनी ते ऐकलं. उठले, बाहेर गेले. मला वाटलं घरी गेले. मी खिडकीशी उभी राहून स्वतःला शिव्या घालत होते, कारण मी आले नसते तर हे झालं नसतं, असं मला तेव्हा मनापासून वाटायचं. तेवढ्यात मागच्या दाराकडून आवाज आला, "वैशाली! टाकी धर! नाय, टाकी नको, दिवा धर! अगं ये ना!"

मास्तरांनी काचमाशाची छोटी टाकी मागच्या दाराशी आणली होती, पडदा अर्धा उलगडला होता आणि त्याचा डावा कोपरा टाकीच्या मागे ओढून धरला होता. मी बाजूनं दिवा धरला. काचमासा सुट्या काचेच्या पुढे आला, थांबला.

काय सांगू! त्याच्या अंगात निळं आभाळ भरलं. काटा चांदीच्या तारेसारखा चमकला. आणि शेपटी, जी दोन आठवडे आम्हाला कशावरही दिसली नव्हती, ती मागच्या त्या पक्ष्याच्या, वर्षानुवर्षं मळून करड्या झालेल्या अंगावर बरोबर उमटली, शीर न् शीर. मी ओरडले, मास्तर ओरडले, समोरच्या झेरॉक्सवाल्यानं डोकं बाहेर काढलं. मास्तरांनी मला गप केलं, पण स्वतःच गप बसेनात. "ज्याचं मागचं निघत नाय, त्याच्या मागं चांगलं कायतरी धरायचं! एवढं साधं! एवढं साधं कसं नाय सुचलं मला!"

आम्ही एक आख्खा रोल संपवला. मग कॉम्प्युटरवर बसलो. या वेळी काढायचं फार थोडं होतं. पडद्याला पडलेल्या चिरा बुजवल्या, कमळं अंधुक केली, जिना गाळला, कडेचं आभाळ गडद करत नेलं, म्हणजे नजर आपोआप माशावर जाईल. प्रश्न उरला पक्ष्याचा.

"काढ त्याला," मास्तर म्हणाले. "लोक माशाऐवजी त्याच्याकडंच बघतील."

मी पक्षी काढला आणि त्याच्याबरोबर माशाची शेपटी गेली. मास्तरांनी कॉम्प्युटरवर उरलेल्या बिनशेपटीच्या माशावर बोट ठेवलं. "आण परत," म्हणाले. "त्याच्यामुळंच हा हाय." एवढ्यात लोडशेडिंगमुळे वीज गेली, यूपीएस पी पी करायला लागला, आणि मास्तर माझ्यापेक्षा जोरात ओरडले, "सेव्ह! सेव्ह कर!" तो शब्द त्यांना केव्हा आला, मला कळलंच नाही.

प्रदर्शन गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये होतं. दारात पुरुषभर उंचीचं पोस्टर लागलं. काचमासा हातभर झाला होता आणि निळ्या उजेडात तरंगत होता. मंडळाची माणसं खूश होती. शेठ नवा शर्ट घालून पोस्टरशेजारी असे उभे होते, की मासा त्यांनीच जन्माला घातला असावा. मास्तर मात्र कोपऱ्यात. "लोक थांबतात का बघ," एवढंच मला म्हणाले.

लोक थांबत होते. बघत होते, 'अरे वा' म्हणून आत जात होते. मग पोरांना घेऊन एक बाई आली, गुडघ्याएवढं एकेक, मागे डोक्यावर टोपी घातलेला नवरा. बाई पोस्टरपुढे उभी राहिली ती हलेचना. मग तिनं नवऱ्याची बाही ओढली.

"ओ! देखा ना! हाऊ ते आमना फोटोना बदक शे!"

माशाकडे तिचं लक्षही नव्हतं. तिनं दारातल्या सगळ्यांना सांगितलं, की देवळ्याच्या तिच्या घरात भिंतीवर जो फोटो आहे त्यात हेच बदक आहे. मागे उभा असलेला एक माणूस म्हणाला, खरंच की, आमच्याही साखरपुड्याच्या फोटोत आहे. तिसरी म्हणाली, आमच्या सासूबाईंच्या. बघता बघता दाराशी गर्दी झाली. जो तो आपल्या फोटोत बदक कुठल्या बाजूला आहे ते सांगू लागला. तीस वर्षं लोक त्या पडद्याकडे पाठ करून उभे राहिले होते, आणि मला तर वाटलं होतं तो कुणी पाहिलेलाच नाही.

मी न राहवून बोट दाखवलं, "रंगवणारे ते बघा, तिथे उभे आहेत."

बाई वळली. मास्तरांकडे टक लावून बघितलं. मग तोंडावर पदर धरून हसायलाच लागली. "भाऊ, तुमीच ना ते? मागलं काढू का म्हनत होते?"

मास्तरांनी तिला ओळखलं. तिच्या नवऱ्यालाही ओळखलं. "काढलं का मग परत कवा?" त्यांनी विचारलं.

"नाय काढलं," नवरा म्हणाला. तेवढंच. मास्तरांचा हात मात्र त्यानं बराच वेळ सोडला नाही.

परत येताना रिक्षात मास्तर माझ्या शेजारी होते. अशोक स्तंभ आल्यावर म्हणाले, "बदक तर बदक." त्यांच्या तोंडून ही कबुली ऐकलेली मी एकटीच.

दुसऱ्या दिवशी एसीच्या खोलीत दुसरी खुर्ची आली. शेठनी ती स्वतः उचलून आणली आणि म्हणाले, "मास्तर, बाहेरच्या शेठला नीट खायला घालत जा, वाळलाय तो." म्हणजे नाव त्यांनी मनावर घेतलं होतं, पण माफही केलं होतं. पडदा परत आपल्या जागी लागला. गंमत अशी, की त्या वर्षी लोक बदकापुढचा फोटो मुद्दाम मागायला लागले.

मास्तर आणखी पाच-सहा वर्षं त्या खुर्चीत बसले. माऊस ओठांशी नेण्याची सवय मात्र गेली नाही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर ते आपणहून थांबले. नारंगी शेठला आणि टाकीला ते सातपूरला घरी घेऊन गेले.

त्यांना शेवटचं भेटले ती एका रविवारी सकाळी. माझ्याकडे तेव्हा नवा डिजिटल कॅमेरा होता. मास्तर खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा जाड चष्मा. समोर खिडकीत टाकी. टाकीत शेठ, आता म्हातारा, जरासा तिरका पोहणारा. त्यांच्या मागे फडताळावर बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यामागे काचमाशाच्या पोस्टरची लहान प्रत, दोरीवर काकूंचं पातळ, कोपऱ्यात सिलिंडर.

"मास्तर, एक फोटो काढते तुमचा."

ते सावरून बसले. हनुवटी वर, खांदे सरळ, जन्मभर लोकांना सांगितलं तसे. मी फोटो काढला, कॅमेऱ्यातच त्यांना दाखवला आणि मुद्दाम विचारलं, "मागचं काढू का?"

मास्तरांनी चष्म्यातून बारीक बघितलं. पातळ, सिलिंडर, मूर्ती, सगळं बघितलं. "मागचं राहू दे," म्हणाले. "लय चांगलं हाय. वाटलं तर पुढचं काढ."

आतून काकू ओरडल्या, "शुभ बोला जरा!" आम्ही दोघं हसलो. मी निघताना ते दारापर्यंत आले नाहीत. शेठची खायची वेळ झाली होती.

चारेक महिन्यांनी त्यांचा मुलगा स्टुडिओत आला. दाढी वाढलेली. भिंतीवर लावायला वडिलांचा एकच चांगला फोटो आहे, तुम्ही काढलेला, म्हणाला. आणि मग, त्याचा काही दोष नव्हता, असे सगळेच सांगतात, "मॅडम, तेवढं मागचं काढून द्या. सिलिंडर वगैरे दिसतंय."

मी खुर्चीत बसले. शेजारची खुर्ची रिकामी होती. पातळ काढलं, सिलिंडर काढलं, दोरी काढली. मास्तरांनी शिकवलं तसं, कानाजवळचे पांढरे केस कापले नाहीत, एकेक सोडवले. मूर्ती तेवढी राहू दिली. मग चष्म्यापाशी आले. काच होती. काचेत खिडकीचा उजेड होता आणि उजेडात एक नारंगी ठिपका. मी मोठं केलं, आणखी मोठं केलं. कडा पुसट होत्या, पण शेपटी स्पष्ट होती. फोटो काढताना मास्तर माझ्याकडे नाही, टाकीकडे बघत होते.

तेव्हा मला रडू आलं. मुलगा बाहेर बसला होता, म्हणून आवाज न करता रडले.

फोटो तयार झाला. मुलानं निरखून पाहिला, समाधानानं मान हलवली, मग बोट ठेवलं. "चष्म्यावर इथे नारंगी डाग राहिलाय, मॅडम. तेवढा काढता का?"

"तो डाग नाही," मी म्हटलं. "तो शेठ आहे. तो निघत नाही."